कोळशाची वीज आणि स्वच्छ तंत्रज्ञान : कुडगी प्रकल्पाच्या संदर्भात

निपाणीत हेस्कॉमचे वीजबिल येते, तर सीमेपलीकडे कागलमध्ये महावितरणचे. बिले वेगळी असली तरी वीज वाहून नेणारे जाळे एकच आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रीड देशाच्या ग्रीडशी जोडले गेले. तेव्हापासून सीमाभागातील दिवा नेमका कोणत्या केंद्रावर पेटतो हे सांगता येत नाही. मात्र त्या जाळ्यातील सर्वात मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे.

बेळगाव जिल्ह्याला सर्वात जवळचे मोठे औष्णिक केंद्र म्हणजे विजयपूर जिल्ह्यातील एनटीपीसीचे कुडगी. तेथे ८०० मेगावॅटचे तीन संच असून ते २०१७ व २०१८ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाले. पाणी आलमट्टी जलाशयाचे, कोळसा मात्र दूरच्या खाणींतून रेल्वेने आणावा लागतो. २०१४ मध्ये परिसरातील शेतकऱ्यांनी या प्रकल्पाविरुद्ध आंदोलन केले होते. शेती, पाणी व राख यांविषयीची त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही.

कुडगीचे तंत्रज्ञान 'सुपरक्रिटिकल' प्रकारचे आहे. पाण्यावरील दाब सुमारे २२१ बार व तापमान ३७४ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की पाणी व वाफ हा भेदच उरत नाही. उकळण्याची पायरी गळते. अधिक दाब व तापमानामुळे त्याच उष्णतेतून जास्त वीज मिळते. वर्गात हे आकड्यांनी दाखवता येईल. साध्या संचाला एका युनिटसाठी ६९० ग्रॅम आणि सुपरक्रिटिकल संचाला ६३० ग्रॅम कोळसा लागतो असे धरू. ८०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने तासाला ८ लाख युनिट देतो, म्हणजे बचत ताशी ४८ टन. पण उरलेला ५०४ टन कोळसा जळतोच आणि त्यात ३५ टक्के राख धरली तर ताशी सुमारे १७६ टन राख निघते. 'स्वच्छ' या शब्दाचा अर्थ इथे फक्त 'कमी अस्वच्छ' असा घ्यावा लागतो.

धुरातील राख स्थिरविद्युत यंत्रणेने अडवता येते व ती सिमेंट आणि विटांसाठी वापरली जाते. गंधकाचा प्रश्न मात्र निराळा आहे. धुरावर चुनखडीच्या पाण्याची फवारणी केल्यास सल्फर डायऑक्साइड शोषला जातो व जिप्सम तयार होते. बागलकोट जिल्ह्यात चुनखडीही आहे आणि जिप्सम वापरणारे सिमेंट कारखानेही. डहाणूत वेगळा मार्ग निघाला. तेथील चिकूच्या बागांच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये प्राधिकरण नेमले गेले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. त्या दबावातून तेथील ५०० मेगावॅटच्या केंद्राने २००७ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा बसवली.

पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी सर्व केंद्रांना मर्यादा घालून दिल्या. मुदत मात्र वारंवार वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याने खर्च वाजवी नाही, असे समर्थन झाले. या यंत्रणेला स्वतःलाच वीज लागते व ती कार्बन डायऑक्साइड घटवत नाही, हेही खरे. तरीही सल्फर डायऑक्साइड हवेत सूक्ष्म सल्फेट कणांत बदलतो व दूरवर जातो. चिमणीजवळची मोजणी पुरेशी मानणे ही पळवाट ठरते.

या उद्योगाची आर्थिक ओढाताण दुसऱ्याच कारणाने वाढली आहे. पावगडचे २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान २०१९ मध्ये पूर्ण झाले. भर दुपारी सूर्याची वीज येते तेव्हा कोळशाच्या संचांना भार कमी करावा लागतो. २०२३ च्या नियमांनुसार त्यांनी ५५ टक्के भारापर्यंत खाली यायला हवे आणि पुढचे लक्ष्य ४० टक्के आहे. पण अशा अर्ध्या भारावर सुपरक्रिटिकल संचाचा दाब घसरतो आणि कार्यक्षमतेचा फायदाही आटतो. ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले, तोच गुण निम्म्या वेळेला वापरात येत नाही.

केंद्राने २०२१ मध्ये कोळशासोबत ५ टक्के जैवइंधन जाळण्याचे धोरण आणले. निपाणी, चिकोडी भागात ऊस तुटल्यावर पाचट शेतातच पेटवले जाते, म्हणून ही कल्पना आकर्षक वाटते. अडचण अशी की पाचटात पोटॅश व क्लोरिन बरेच असते. बॉयलरच्या नळ्यांवर त्याचा थर चिकटतो आणि त्या गंजतात. म्हणून पाचट वाळवून, प्रक्रिया करून, गोळ्यांच्या रूपात व थोड्या प्रमाणातच द्यावे लागते. गोळा करण्याचा, दाबण्याचा व कुडगीपर्यंत नेण्याचा खर्च शेतकऱ्याला काडीपेटीपेक्षा स्वस्त पडला, तरच तो पाचट विकेल.