बॅ. मुकुंदराव जयकर : वकिली, राजकारण, न्यायासन

जन्म : १३ नोव्हेंबर १८७३. निधन : १० मार्च १९५९.

● १९०५ मध्ये बॅरिस्टर. वकिली मुंबई उच्च न्यायालयात.

● जालियनवाला बाग हत्याकांडाच्या काँग्रेस चौकशी समितीत गांधीजींसोबत. पुढे स्वराज्य पक्षात.

● १९२७ : रस्ते विकास समितीचे अध्यक्ष. पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठीच राखावा, ही समितीची शिफारस. त्यातूनच १९२९ चा केंद्रीय रस्ते निधी. (वकिलाच्या वाट्याला आलेलं हे काम डांबराचं!)

● १९३७ : फेडरल कोर्टाचे न्यायाधीश. १९३९ पासून प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर.

● या दोन न्यायासनांतला फरक : फेडरल कोर्ट दिल्लीत, त्यावरचं अपील लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे. ही अपिलं १९४९ मध्ये बंद. १९५० पासून सर्वोच्च न्यायालय.

● १९४८ : पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू.