सासूबाईंचा अंदाज आणि कमलाबाईंची वाटी

मैत्रिणींनो, नव्या सुनेला सर्वांत छळणारा शब्द कोणता, सांगू? 'अंदाजानं'!

"मीठ किती घालू?" "अंदाजानं घाल." "पाणी?" "बघून घाल की!" लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा या उत्तरानं मला रडूच यायचं. बी.ए. झालेली मी, आमटीपुढं मात्र नापास!

अशा वेळी आईनं दिलेली 'रुचिरा' धावून आली. तुमच्याही फळीवर ती असेलच. पण ती लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले कोण, हे कितीजणींना ठाऊक आहे?

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं कुंडल हे त्यांचं जन्मगाव. जन्म १९१३ चा. शाळा चौथीपर्यंतच. पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या सांगलीला आल्या आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. तेच त्यांचं कॉलेज! १९७० मध्ये 'रुचिरा' निघाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पुढं तिच्या लाखावर प्रती खपल्या. १९९९ मध्ये कमलाबाई गेल्या.

एवढं काय होतं त्या पुस्तकात? वाटी आणि चमचा! तराजू नको की वजनं नकोत. एकत्र कुटुंबात सून बघून-बघून शिकत असे. नवऱ्याच्या नोकरीपायी परगावी एका खोलीत बिऱ्हाड थाटणाऱ्या मुलीनं कुणाकडं बघावं? चौथी शिकलेल्या बाईंनी तिची अडचण ओळखली आणि सासूचा अंदाज वाटीनं मोजून तिच्या हाती दिला.

आता टीव्हीवर, मोबाईलवर हवा तो पदार्थ दिसतो. पण आपल्या घरची चव तिथं कोण दाखवणार?

आमच्या सासूबाईंची कांदा-लसूण चटणी भावकीत नावाजलेली. गेल्या उन्हाळ्यात मात्र धने दोनदा घातले गेले. त्या गप्प झाल्या. माझ्या पोटात धस्स झालं. यंदा मिरच्या डंकावर न्यायच्या आधी मी वही-वाटी घेऊनच बसले. त्यांनी मूठ भरली की ती वाटीत रिकामी करायला लावायची आणि लिहायचं. किलोभर मिरचीला पाच वाट्या धने निघाले.

"अगंबाई, इतकी वर्षं मलाच माहीत नव्हतं!" सासूबाई हसल्या.

तुम्हीही एक वही घाला, मैत्रिणींनो. हात चालते आहेत तोवरच!