विश्लेषण : घरबसल्या अमेरिकी एमए, पण ती दाखवायची कुणाला?

‘नोकरी न सोडता, व्हिसा न काढता अमेरिकेची मास्टर्स पदवी’ अशा जाहिराती इंजिनीअर मंडळींच्या मोबाइलवर वारंवार येतात. एमबीए आणि डेटा सायन्सच्या जोडीला त्यांत ‘प्रोफेशनल कम्युनिकेशन’ हे नावही असते. कोड लिहिण्यापेक्षा कोडबद्दल लिहिण्यात रस असणारे तिथे हमखास थांबतात. हा अभ्यासक्रम काय आहे आणि भारतात ही पदवी कुठे चालते?

नेमके काय शिकवतात?

नावावरून इंग्रजी संभाषणाचा क्लास वाटतो. पण अभ्यास वेगळाच असतो. टेक्निकल रायटिंग, संपादन, वाचणाऱ्याची गरज ओळखणे, आकडेवारीची दृश्य मांडणी, संस्थेतला आणि संकटकाळातला संवाद असे विषय असतात. शेवटी प्रबंध, प्रकल्प किंवा स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ.

याचे महत्त्व कळायला या क्षेत्रात नेहमी दिले जाणारे कोलंबिया यानाचे उदाहरण पुरेसे आहे. जानेवारी 2003 मध्ये उड्डाणावेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच इंजिनीअरांनी धोक्याचा अंदाज बांधून नासासमोर स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचे शीर्षक धीर देणारे होते. खरी बातमी मात्र अगदी तळाच्या ओळीत होती : चाचण्या 3 घनइंचाच्या तुकड्यावर झाल्या होत्या आणि आदळलेला तुकडा सुमारे 1920 घनइंचाचा होता. म्हणजे 640 पट मोठा! 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघात त्या स्लाइडमुळे झाला असे कुणी म्हणत नाही. पण चौकशी मंडळाने अहवालात या मांडणीवर स्वतंत्र टीका केली. आकडा बरोबर होता, फक्त ज्याला निर्णय घ्यायचा त्याला तो दिसेल अशा जागी नव्हता.

आम्हाला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत ‘कम्युनिकेशन स्किल्स’ हा विषय एका सेमिस्टरपुरता होता. त्यात नोकरीच्या अर्जाचा नमुना पाठ केला, एवढेच आठवते.

वेळ आणि पैसा किती?

अमेरिकेत अशी पदवी साधारण 30 ते 36 क्रेडिटची असते. एक विषय बहुधा 3 क्रेडिटचा, म्हणजे दहा ते बारा विषय. नोकरी सांभाळून सेमिस्टरला दोन विषय घेतले, तर दोन-अडीच वर्षे जातात. जाहिरातीत फी अनेकदा प्रतिक्रेडिट छापतात, कारण तो आकडा छोटा दिसतो. त्याला क्रेडिटच्या संख्येने गुणा, तंत्रज्ञान शुल्क वगैरे जोडा आणि डॉलरचा भाव दोन वर्षे स्थिर राहणार नाही हेही धरून चाला.

बरेचसे वर्ग रेकॉर्ड केलेले असतात. पण लाइव्ह तास न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी 7 ला असेल, तर तो आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे 4.30 ला आणि त्यांची घड्याळे नोव्हेंबरमध्ये मागे गेली की 5.30 ला भरतो. त्यानंतर दिवसभराचे ऑफिस असतेच.

भारतात पदवी ग्राह्य धरतात का?

खरी मेख इथेच आहे. भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांसाठी यूजीसीचे 2020 चे नियम आहेत. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, असे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्टही केले. पण ही हमी आयोगाच्या यादीतील संस्था आणि अभ्यासक्रमांपुरती आहे. ही यादी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी या हमीत येत नाही. शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांनी परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून दिलेल्या पदव्यांबाबत आयोगाने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर इशारा दिला होता. त्यामुळे नेट, पीएचडी, प्राध्यापकी किंवा सरकारी भरती डोक्यात असेल, तर समकक्षतेचे उत्तर पैसे भरण्याआधी आणि लेखी मिळवा. समुपदेशकाने फोनवर म्हटलेल्या ‘हो हो, चालतं’ला काही किंमत नाही. त्या वाटेने जायचे असेल, तर इग्नूचा पत्रकारिता व जनसंज्ञापनाचा दूरस्थ एमए हा जवळचा आणि कितीतरी स्वस्त पर्याय आहे. त्यात टेक्निकल रायटिंगपेक्षा माध्यमांवर भर असतो, एवढे लक्षात ठेवावे.

याच्या जोरावर अमेरिकेला जाता येईल?

नाही. पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-1 विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. तिथे जाऊन शिकणाऱ्यालाही पूर्णवेळ अभ्यासाच्या हिशेबात सेमिस्टरला साधारण एकच ऑनलाइन विषय धरता येतो. शिक्षणानंतर तिथे नोकरी करू देणारी ओपीटी ही सवलत एफ-1 ला जोडलेली असल्याने तीही मिळत नाही. एमएस करायला गेलेल्या मित्राशी तुलना करणाऱ्यांनी हा फरक आधी घरच्यांना सांगावा, विशेषतः कर्ज वडिलांच्या नावावर निघणार असेल तर.

मग फायदा कुणाला?

आधीच खासगी आयटी किंवा औषधनिर्माण क्षेत्रात असलेल्याला. तिथे यूजीसीचा शिक्का फारसे कुणी विचारत नाही. पुण्यात टेक्निकल रायटर असलेल्या एका मैत्रिणीला मुलाखतीत एका सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलेशनच्या सूचना दिल्या आणि तासाभरात नव्याने लिहायला सांगितल्या. पदवीचा विषय शेवटी निघाला, तोही पगार ठरवताना.

या क्षेत्राची हवाही बदलते आहे. 1953 पर्यंत मुळे जाणारी ‘सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन’ ही अमेरिकेतील जुनी व्यावसायिक संघटना आर्थिक अडचणींमुळे जानेवारी 2025 मध्ये बंद झाली. सूचनांचा पहिला खर्डा आता चॅटबॉटही लिहून देतो. म्हणून प्रवेशाआधी विद्यापीठाकडे दोन गोष्टी मागा : गेल्या वर्षभरात बदललेल्या विषयांची यादी आणि अलीकडे पास झालेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांचे पोर्टफोलिओ. ते वाचायला एक रविवार पुरतो.