पातेऱ्यावरून ओढलेलं पांढरं कापड

मार्चमध्ये काजूच्या बागेत बोंडांचा आंबूस वास दाटलेला असतो आणि पायाखाली पातेरा कुरकुरतो. आरोग्य विभागाचे दोन कर्मचारी काठीला बांधलेलं पांढरं कापड त्या पातेऱ्यावरून सावकाश ओढत जातात. थोडं चाललं की थांबायचं, कापड उलटवायचं, उन्हात धरून बघायचं. मी वाकून पाहिलं तर मला काहीच दिसेना. मग त्यांनी चिमट्याचं टोक टेकवलं आणि खसखशीएवढा ठिपका हलला. गोचिडीचं पिल्लू! पानाच्या टोकावर पुढचे पाय उचलून ते वाट बघत असतं. उंदीर, माकड, माणूस, जे घासून जाईल त्याला चिकटतं. चिमट्याने उचलून ते नळीत टाकायचं, नळीवर गाव आणि तारीख लिहायची. विषाणू आहे की नाही, हे पुढे प्रयोगशाळेत ठरतं.

हा माकडतापाचा शोध. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने पडली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू ओळखला. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत दिसला, २०१६ मध्ये आमच्या दोडामार्गात. त्याच्याच कुळातला एक विषाणू दूर ओखोत्स्क समुद्रातल्या त्युलेनी बेटावर, समुद्रपक्ष्यांच्या वस्तीतल्या गोचिडींमध्ये १९६९ साली गोळा केलेल्या नमुन्यांत सापडला होता. तिथे पक्षी, इथे माकडं. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. म्हणून मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, आधी आरोग्य केंद्राला कळवायचं. काजू वेचायचे दिवस आणि या पिल्लांचे दिवस एकच, हीच खरी अडचण. बाग सोडून घर कसं चालेल?

प्रभादेवीहून शिमग्याला, मे महिन्यात गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. गोचीड चावल्यावर ताप साधारण तीन ते आठ दिवसांनी येतो, म्हणजे बऱ्याचदा मुंबईत परतल्यावर. तिथले डॉक्टर साहजिकच आधी डेंग्यू-मलेरियाचा विचार करतात. बागेत जाताना अंग झाकणारे कपडे घाला, गोचीड दूर ठेवणारं तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. आणि ताप आलाच, तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा: मी काजूच्या बागेत गेलो होतो.