डोळ्यातले थेंब आणि फवारणीचं औषध

काचबिंदूच्या काही रुग्णांना देतात ते थेंब आणि शेतात फवारतात ते कीटकनाशक यांचं नातं आहे म्हटलं, तर पटणार नाही. पण आहे. ते समजलं, तर वेळेला घरातल्या माणसाचा जीव वाचवता येईल.

आपल्या शरीरात काही नसा आपोआप काम करतात. कुत्रं मागे लागलं की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. ते एका प्रकारच्या नसांचं काम. जेवून पडवीत निवांत बसलो की लाळ सुटते, आतडी हलतात, नाडी संथ होते. ते दुसऱ्या प्रकारच्या नसांचं. डॉक्टर त्यांना पॅरासिम्पथेटिक नसा म्हणतात. या नसा अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून निरोप देतात. निरोप पोचला की एक एन्झाइम ते रसायन लगेच मोडून टाकतं. दूध वर आलं की आपण चुलीतलं लाकूड मागे ओढतो, तसंच हे.

काही औषधं हाच निरोप वाढवतात. पिलोकार्पिनचे थेंब अ‍ॅसिटिलकोलीनसारखं काम करून बाहुली लहान करतात, त्यामुळे डोळ्यातलं पाणी वाहून जातं आणि दाब उतरतो. विसरभोळेपणाच्या आजारात देतात ती रिव्हास्टिग्मिन आणि स्नायूंच्या अशक्तपणात देतात ती पायरिडोस्टिग्मिन त्या एन्झाइमला काही तास अडवतात. अशा औषधांनी मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. मनाने गोळी वाढवू नका, बंदही करू नका.

क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशकं त्याच एन्झाइमला धरतात, पण सहज सोडत नाहीत. जाळ ओढायला कुणी उरत नाही आणि दूध उतू जातच राहतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तिथल्या फवारणीत अशी औषधंही होती. आपल्या पनवेलकडे कपाशी नाही, पण भातावर आणि भाजीच्या मळ्यावर पंप फिरतोच. हे विष पोटातून जातं तसं श्वासातून आणि भिजलेल्या कपड्यांतून, कातडीतूनही जातं.

फवारून आलेल्या माणसाला घाम सुटला, उलटी झाली, की आपण म्हणतो, ऊन लागलं. तेव्हा नीट पाहा. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, जुलाब, अंगाचे स्नायू फडफडणं, ही विषबाधेची खूण. सगळ्या खुणा दिसेपर्यंत थांबू नका.

लगेच 108 ला फोन करा. हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून त्याचे कपडे काढा, अंग आणि केस साबणाने भरपूर पाण्यात धुवा. शुद्ध नसेल तर कुशीवर निजवा. उलटी करवू नका. दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका. औषधाची बाटली दवाखान्यात न्या.

तिथे अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन देतात. ते निरोप पोचू देत नाही, म्हणून छातीतलं पाणी आटतं, नाडी सुधारते. ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. धोतऱ्यात त्याच जातीचं द्रव्य असतं, पण म्हणून घरी धोतरा देऊ नका. त्याचं माप कुणाला कळत नाही आणि तो स्वतःच विष आहे. बरं वाटलं म्हणून रुग्णाला लवकर घरी आणू नका. एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात.

आणि फवारणीचे कपडे धुतो कोण? आपणच. ते घरच्या कपड्यांत मिसळू नका. हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत धुवा. रिकाम्या डब्यात पाणी किंवा धान्य भरू नका. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं जरूर बोला.