क्रोकस, खार आणि मी

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, २०२२. आदल्या रात्री इंग्लंडातली तमाम घड्याळं एक तास मागे गेलेली, त्यामुळे दुपारी साडेचारलाच लीड्समध्ये दिवेलागण झाली होती. आणि मी, एरवी पुण्यात आईने तीनदा सांगितल्याशिवाय तुळशीलाही पाणी न घालणारा आयटीवाला, भाड्याच्या घरामागच्या वीतभर बागेत गुडघे टेकून चिखलात खड्डे करत होतो. सुपरमार्केटच्या रांगेत उभा असताना सहज ट्रॉलीत टाकलेले पन्नास क्रोकस हे त्याचं कारण.

बायकोने खिडकीतून विचारलं, "फुलं कधी येणार?"

"फेब्रुवारी-मार्च."

"आणि आपलं एक्स्टेन्शन कधी कळणार?"

"जानेवारीत."

तिने खिडकी लावून घेतली.

क्रोकस म्हणजे बोटभर उंचीचं, पेल्याच्या आकाराचं फूल. जांभळं, पांढरं, पिवळं. तिकडे थंडी अजून पुरती गेलेली नसते, झाडं खराट्यासारखी उभी असतात, आणि हे जमिनीतून वर येतं. विकताना त्याला सर्रास 'बल्ब' म्हणतात, पण तो खरा बल्ब नव्हे. कांदा कापला की पापुद्रे दिसतात, तो बल्ब. क्रोकस कापला तर आत सुरणासारखा घट्ट गर. म्हणजे हा कंद. दरवर्षी जुना कंद फूल देऊन संपतो आणि त्याच्याच डोक्यावर नवा तयार होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लावणं अगदी सोपं. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा मोसम. खड्डा साधारण आठ-दहा सेंटिमीटर खोल, दोन कंदांत तीन-चार बोटं अंतर, टोक वर. पाणी साचणारी जागा नको, कंद कुजतात. आमची माती चिकट होती, म्हणून मी थोडी बारीक खडी मिसळली. शिस्तीत रांगा करू नका, मूठभर कंद जमिनीवर उधळा आणि पडतील तिथे पुरा, असं पाकिटावर लिहिलं होतं. ऑफिसात एक्सेल शीट भरणाऱ्या माणसाला हे फार जड गेलं. मी रांगाच केल्या.

सोमवारी सकाळी पाहतो तर रांगांच्या जागी रांगेत खड्डे! खार. आपल्या पाठीवर तीन बोटांची गोंडस खार नव्हे. ही करडी, मांजराच्या पिल्लाएवढी, मूळची अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकात कोणीतरी हौसेने आणून सोडलेली. कुंपणावर बसून ती माझा क्रोकस दोन्ही हातांत धरून भुट्ट्यासारखा खात होती. आईशप्पथ, नजरसुद्धा चुकवली नाही.

शेजारी सत्तरीच्या आजी राहायच्या. दोन वर्षांत आमचं बोलणं हवामानाच्या पुढे गेलेलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी कुंपणापलीकडून सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यांना बोलावणं तूच धाडलंस, लव्ह." यॉर्कशरमध्ये बस ड्रायव्हरसुद्धा 'लव्ह' म्हणतो, गैरसमज नसावा. झालं असं होतं की कंदांची सुटलेली कागदी सालं मी तिथेच टाकली होती. ताजी उकरलेली माती आणि वर ती सालं, म्हणजे खारीला मेन्यूकार्डच. आजींनी शेडमधून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी काढून दिली. कंद पुरायचे, माती दाबायची, सालं उचलायची आणि वर जाळी अंथरून कडा मातीत खोचायच्या. पाती जाळीच्या भोकांतून वर येतात, खारीचा पंजा मात्र आत जात नाही. शिवाय 'टॉमासिनियानस' नावाची बारीक जांभळी जात घे, ती खारींना तितकीशी रुचत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी दुसरं पाकीट आणलं. या वेळी उधळून लावलं.

जानेवारीत मेल आली, वर्षभर एक्स्टेन्शन. आणि फेब्रुवारीच्या मध्यावर जाळीतून गवताची बारीक पाती निघाली. मी उपटणार होतो. तेवढ्यात दिसलं की प्रत्येक पात्याच्या मधोमध एक पांढरी रेघ आहे. ती क्रोकसची खूण.

फुलं आली त्या आठवड्यात मी ऑफिसला रोज उशिरा गेलो. क्रोकस सकाळी मिटलेला असतो. ऊन पडून हवा जरा तापली की दहा-पंधरा मिनिटांत उघडतो, ढग आले की पुन्हा मिटतो. पाकळ्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूची वाढ तापमानाप्रमाणे कमीजास्त होते, त्यातून हे घडतं. कॉफीचा मग घेऊन मी चक्क पाहत उभा राहायचो. मधमाश्याही यायच्या, त्यांना त्या दिवसांत दुसरं फारसं काही मिळत नाही.

व्हिडिओ कॉलवर आईचा पहिला प्रश्न, "अरे, हे केशर ना? काढून ठेव, श्रीखंडाला होईल."

नाही. केशर त्याच कुळातलं, पण जात वेगळी, 'क्रोकस सॅटिव्हस'. ते वसंतात नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं. काश्मीरमध्ये पाम्पोरची शेतं तेव्हा जांभळी होतात. एका फुलात लाल तंतू तीनच, एक ग्रॅमला साधारण दीडशे फुलं लागतात. काश्मिरी केशराला २०२० मध्ये जीआय मानांकनही मिळालं. मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. या झाडाला बी धरतच नाही. जगात जिथे केशर उगवतं तिथे कोणीतरी हाताने कंद लावलेला असतो. आणि एक इशारा. 'ऑटम क्रोकस' नावाने विकलं जाणारं कॉल्चिकम दिसायला अगदी तसंच, पण जहाल विषारी. आतले पुंकेसर मोजा, क्रोकसला तीन, कॉल्चिकमला सहा. आईने हे वहीत लिहून घेतलं.

फुलं गेल्यावर माझी दुसरी चूक होता होता वाचली. पाती लोंबायला लागली, बाग गबाळी दिसायला लागली आणि घरमालकाने पाठवलेला माणूस गवत कापायचं मशीन घेऊन हजर. आजी अक्षरशः धावत आल्या. डोक्यावरचा नवा कंद भरतो तो या पात्यांच्या जोरावर. पाती पिवळी पडेपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, कापायची नाहीत, वेणी घालून बांधायचीही नाहीत. आता कापली तर पुढच्या वर्षी फूल नाही.

पुढच्या वर्षी आम्हीही नव्हतो. जानेवारी २०२४ मध्ये प्रोजेक्ट संपलं, महिनाअखेरीस पुणे. बॅग भरताना काही कंद उकरून घ्यावेत असं फार वाटलं. पण प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ प्रमाणे परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटशिवाय कंद भारतात आणता येत नाहीत. ठेवले तिथेच.

आता तुमचा प्रश्न. बाणेरच्या बाल्कनीत हे येईल का? सरळ लावलंत तर नाही. क्रोकसला थंडीचा मोठा मुक्काम लागतो, तो पुण्यात फक्त फ्रिजमध्ये मिळतो. मी ऑनलाइन नर्सरीकडून बारा कंद मागवले, ऑक्टोबरच्या सुरुवातीला कागदी पिशवीत घालून भाजीच्या ट्रेमध्ये ठेवले. बारा आठवडे. शेजारी सफरचंद, केळी काही नको, पिकणाऱ्या फळांच्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. यावरून घरात एक छोटं महायुद्ध झालं. कंद खायचे नाहीत हे सगळ्यांना बजावा, कारण ते हुबेहूब सांबारातल्या छोट्या कांद्यांसारखे दिसतात. नववर्षाच्या सुमाराला पसरट कुंडीत लावले, उत्तरेच्या खिडकीत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. पुण्याची जानेवारीतली रात्र मदतीला येते.

बारातले सात फुलले. टिकले तीन-चार दिवस. आणि पुन्हा फुलणार नाहीत, आपल्या उन्हाळ्यात कंद भरत नाहीत. एवढा खटाटोप नको असेल तर पावसाळी लिली लावा. कंद स्वस्त, फ्रिज नको, पहिला पाऊस पडला की गुलाबी फुलं, आणि दरवर्षी. मी दोन्ही करतो.

पहिलं फूल उघडलं त्या सकाळी आई चष्मा लावून कुंडीवर वाकली, पुंकेसर मोजले. "तीनच आहेत," म्हणाली, आणि फोटो काढला. मी तो लीड्सच्या आजींना पाठवला. मार्चमध्ये त्यांचं उत्तर आलं, आमच्या जुन्या बागेचा फोटो. जाळी दिसतच नव्हती इतकी जांभळी गर्दी. खाली एक ओळ, नव्या भाडेकरूंनी मशीन बाहेर काढलं होतं, मी आत ठेवायला लावलं.