इंटेल ८०१८६ : जुन्या आज्ञा, नवे पत्ते

संगणकाचें सारें गणित सिलिकॉनच्या ज्या एका लहानशा तुकड्यांत चालतें, त्यास मायक्रोप्रोसेसर म्हणतात. संख्यांची बेरीज-वजाबाकी व तुलना करणें आणि दिलेल्या आज्ञा एकामागून एक पाळणें, हें त्याचें काम. परंतु एकट्या मुनिमाच्या बळावर जशी पेढी चालत नाहीं, तसें एकट्या मायक्रोप्रोसेसरवर यंत्र चालत नाहीं. वेळ मोजणारा, बाहेरची वर्दी आंत पोहोंचविणारा, माहितीची ने-आण करणारा, असे मदतनीस त्यास लागतात.

अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें १९७८ सालीं ८०८६ हा मायक्रोप्रोसेसर बाजारांत आणला. त्याचे मदतनीस स्वतंत्र चिपांच्या रूपानें त्याच्या भोंवतीं बसवावे लागत. चिपा जितक्या अधिक, तितक्या जोडण्या अधिक, खर्च अधिक आणि बिघाडाच्या जागाही अधिक. ही अडचण दूर करण्यासाठीं त्याच कंपनीनें १९८२ सालीं ८०१८६ निर्माण केला. कामाचा ताल धरणारें घड्याळ व तीन कालमापक त्याच्या पोटांतच होते. एखादी कळ दाबली गेली कीं, हातचें काम क्षणभर थांबवून तिकडे पाहण्याची जी सूचना मिळते, तीस इंटरप्ट म्हणतात. ह्या सूचनांचा क्रम लावणारा नियंत्रकही आंतच होता. शिवाय मायक्रोप्रोसेसरास न गुंतवितां माहिती परस्पर स्मृतींत नेणारे दोन मार्ग होते. त्यांस डीएमए म्हणतात.

एवढें करूनही जुन्या आज्ञांचा त्याग केलेला नव्हता. ८०८६च्या आज्ञा ८०१८६ला जशाच्या तशा कळत. वर दहा नव्या आज्ञांची भर होती, आणि गुणाकार-भागाकारही अधिक जलद होत. ह्या गोष्टीचें मोल मोठें आहे. यंत्र पैसे देऊन नवें घेतां येतें. परंतु त्यावर चालणारे प्रोग्रॅम म्हणजे माणसांच्या महिनोगणती श्रमांचा सांठा होय. नव्या यंत्राबरोबर तो टाकून द्यावा लागला, तर प्रगती कसली?

परंतु येथेंच एक पेंच निर्माण झाला. १९८१ सालीं आयबीएम कंपनीचा पीसी आला होता. त्यांत ८०८६चाच भाऊ ८०८८ होता, आणि मदतनीस निराळ्या चिपांत होते. प्रत्येक मदतनिसास ठराविक पत्ता असे. कालमापकाचा पत्ता ६४ पासून सुरू होई. वेग वाढावा म्हणून कित्येक प्रोग्रॅमकार मधल्या व्यवस्थेस वगळून थेट त्याच पत्त्यावर आज्ञा धाडीत. ८०१८६च्या पोटांतील मदतनीस मात्र, यंत्र सुरू होतांना, ६५२८० ह्या पत्त्यापासून पुढें वसलेले असत. हा पट्टा हलवितां येई. पण त्याच्या आंतील मांडणीच वेगळी होती. पत्राची भाषा तीच, परंतु त्या पत्त्यावर राहणारा गृहस्थच बदललेला, असा हा प्रकार झाला.

ह्याचा प्रत्यय १९८३ सालीं आलेल्या टँडी २००० ह्या संगणकांत आला. त्यांतील ८०१८६ सेकंदास ८० लक्ष ठोक्यांनीं चाले. पीसीचे ठोके सुमारें ४८ लक्ष. तरीही, एमएस-डॉसच्या मार्फत विचारणा करणारे प्रोग्रॅम त्यावर चालत, आणि यंत्राच्या अवयवांस थेट हात घालणारे अनेक प्रोग्रॅम अडत. त्याच्या पडद्याची रचनाही पीसीहून भिन्न होती. पुढें १९८४ सालीं आयबीएमनें आपल्या पीसी-एटी यंत्रासाठीं ८०२८६ निवडला, आणि घरोघरच्या संगणकांत ८०१८६ फारसा पोहोंचलाच नाहीं.

तथापि त्याचें आयुष्य वायां गेलें नाहीं. टेलिफोनच्या तारेवरून संगणकांस जोडणारे मोडेम आणि इतर नियंत्रक यंत्रें ह्यांत त्यास मानाची जागा मिळाली. अशा यंत्रांत त्या यंत्रापुरताच लिहिलेला प्रोग्रॅम कायमचा बसविलेला असतो. जुन्या पत्त्यावर शोध घेत येणारा पाहुणा तेथें नसतो. उलट, थोड्या जागेंत सारें कुटुंब सामावणें हाच तेथें मोठा गुण ठरतो. इंटेलनें ह्या चिपेचें उत्पादन २००७ सालीं थांबविलें. म्हणजे पाव शतक ती टिकली.

सारांश, मागच्या पिढीची भाषा जाणणें म्हणजे तिचा वारसा पुरता चालविणें नव्हे. भाषेबरोबर जुने पत्ते व जुने शेजारसंबंधही सांभाळावे लागतात. ज्यांनीं आधीं श्रम केले, त्यांचे श्रम तेव्हांच पुढच्यांच्या उपयोगीं पडतात.